जतहून दिल्ली किती लांब?

जतहून दिल्ली किती लांब, असा साधा प्रश्न कोणी विचारला तर त्याला निदान चार उत्तरे देता येतात, आणि चारही खरी ठरतात. नकाशावर पट्टी ठेवून पाहणारा म्हणेल, सुमारे १,२९० किलोमीटर. मोटार हाकणारा म्हणेल, छे हो, दीड हजाराच्या वर. मिरजेस जाऊन आगगाडीत बसणारा मिरजेपासूनच अठराशेहून अधिक किलोमीटर मोजील. आणि ज्याच्या मुलाने पुण्याहून विमानाचे तिकीट काढून दिले आहे, तो किलोमीटरच्या भानगडीत न पडता सांगेल, "दोन तास दहा मिनिटे!" यांपैकी हे शेवटचे उत्तर हल्ली फार कानांवर पडते. ते खोटे नाही. परंतु त्यात नेमके काय मोजलेले असते, काय मोजलेले नसते, आणि जे मोजलेले नसते ते जतच्या माणसाला किती महाग पडते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो येथे करावयाचा आहे.

आमच्या भागाला हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ, जत या कोरडवाहू पट्ट्यातील कितीतरी घरांतली माणसे सोनेचांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात देशभर पांगलेली आहेत. कोणी दिल्लीत, कोणी कलकत्त्यात, कोणी थेट तामिळनाडूत वा केरळात दुकान थाटून बसला आहे. गावाकडे वडील गेले तर फोन एका मिनिटात पोचतो. मग ओसरीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो : थोरल्यासाठी थांबावयाचे, की उरकून घ्यावयाचे? तिकडून थोरला सांगतो, "विमानाने निघतो, दोन तासांचा तर प्रवास!" ऐकणारे तेच दोन तास धरून बसतात, आणि दुपार टळली तरी वाटेकडे डोळे लावून माणसे ताटकळत राहतात. अशा वेळी विमानाचा वेळ कसा मोजतात हे ठाऊक असणे ही पोपटपंची राहत नाही.

प्रथम अंतराचे पाहू. विमानाचे अंतर म्हणून जो आकडा सांगतात तो पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये घट्ट ताणलेल्या दोऱ्याची लांबी असते. घरी मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घेऊन हा प्रयोग करून पाहावा. पुणे आणि दिल्ली यांच्यामध्ये दोरा ताणला तर तो जवळजवळ उत्तरेकडे सरळ जातो आणि भरतो सुमारे १,१५० किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तरी फारसे वेगळे उत्तर येत नाही. परंतु मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये तोच दोरा ताणून पाहा. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क अगदी पश्चिमेला दिसते, म्हणून आपल्याला वाटते की विमान अरबस्थान, भूमध्य समुद्र असे करीत जात असेल. दोरा मात्र वायव्येकडे चढत मध्य आशिया, रशिया, स्वीडन-नॉर्वे असा जाऊन आइसलंडच्या जवळून खाली उतरतो. संत्र्याची साल सपाट पसरू गेले की ती फाटते किंवा ताणली जाते. गोल पृथ्वी कागदावर पसरताना तेच होते, आणि उत्तरेकडचा भाग नकाशात अवाजवी फुगतो. म्हणून लांबच्या प्रवासात नकाशावरची सरळ रेषा ही खरी जवळची वाट नव्हे.

अर्थात दोऱ्याची वाट आणि विमानाची वाट या पुन्हा दोन निराळ्या गोष्टी. आकाशालाही शिवा असतात. २०१९ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद ठेवली, आणि २०२५ च्या एप्रिलात भारतीय विमानांना ती पुन्हा बंद केली. तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेस जाणाऱ्या आपल्या विमानांना गुजरात-अरबी समुद्राकडून वळसा घ्यावा लागला. काहींना वाटेत इंधनासाठी उतरावे लागले. दिल्ली आणि न्यूयॉर्क होती तेथेच होती, दोराही तेवढाच. वेळ मात्र वाढला. आमच्या शिवारात एखाद्याने बांधावरची पायवाट अडवली म्हणजे शाळेला जाणाऱ्या पोराला जसा ओढ्याकडून फेरा पडतो, तसलाच हा प्रकार.

या दोऱ्याचा आमच्या जतशीही एक संबंध आहे, आणि तो येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाचे 'पस मॉथ' विमान अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर आणले. सकाळी साडेसहाच्या सुमारास ते निघाले आणि दुपारी दोनच्या आत पोचले. सुमारे एक हजार तीस किलोमीटरला वाटेतला मुक्काम धरून सव्वासात तास लागले. जुहूपासून पुढे तीच टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बळ्ळारीमार्गे मद्रासला नेली; रात्र बळ्ळारीत काढून. आता नकाशावर जुहू आणि बळ्ळारी यांच्यामध्ये रेघ ओढून पाहावी. ती विटा आणि आटपाडी यांच्या मधून येते, कवठे महांकाळ आणि जत यांच्या मधून जाते, आणि जतच्या नैऋत्येस तिचे अंतर भरते अवघे वीस किलोमीटर! त्या काळचे वैमानिक खालच्या नद्या, डोंगर, रूळ पाहत वाट काढीत. तेव्हा व्हिन्सेंटचे विमान नेमके याच रेघेवरून गेले असा आमचा दावा नाही. परंतु टाटांच्या त्या हवाई टपालमार्गाचा जो सरळ दोरा, तो आमच्या माळरानावरून जात होता, हे खरे. त्या वेळी जत हे डफळ्यांचे संस्थान होते. दोरा डोक्यावरून गेला. विमान येथे उतरण्याचे कारण नव्हते, आणि पुढेही ते आले नाही. आकाशातला मार्ग गावावरून जातो म्हणून गाव जवळ येत नाही. विमान जेथे टेकते तेथूनच जवळ-लांब मोजावे लागते.

आता वेळेकडे वळू. तिकिटावरचा वेळ हा विमान हवेत असण्याचा वेळ नव्हे. एस. टी. चढावर उभी करताना चालक चाकाखाली दगड लावतो, तसे उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागचे हलले की मोजणी सुरू होते आणि दुसऱ्या गावी उभे राहून पुन्हा ठोकळे लागले की संपते. एवढ्या वेळात विमान जमिनीवरून रांगत धावपट्टीच्या टोकाशी जाते, तेथे पुढे दोनचार विमाने असली तर थांबते, उडते, वीस-पंचवीस मिनिटे चढत राहते, मग कोठे आपल्या खऱ्या वेगाला येते. उतरताना पुन्हा तोच प्रकार उलट. मोठे जेट विमान वर गेल्यावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर जाते. पण या वेगाने ते सगळी वाट चालत नाही.

कोल्हापूर-मुंबईचे उदाहरण घ्या. सरळ अंतर सुमारे ३०७ किलोमीटर. या मार्गाजोगे पंख्याचे विमान ताशी पाचशेने उडते असे धरले तर सदतीस मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात तासाभराचा हिशेब धरावा लागतो. उरलेली वीस-बावीस मिनिटे रांगणे, चढणे, उतरणे आणि मुंबईच्या आकाशात पाळीची वाट पाहणे यांत जातात. सांताक्रूझ-सहारच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरता येते. पंढरपुरात एकादशीला गाडी वेशीपर्यंत झटक्यात येते आणि मग वेशीपासून वाड्यापर्यंत तास खाते, तसे. शिवाय विमान कंपन्या अनुभवाने शहाण्या झालेल्या असतात. उशीर होणारच हे जाणून त्या वेळापत्रकातच थोडी सैल जागा ठेवतात, आणि मग विमान दहा मिनिटे आधी पोचले की प्रवासी खूष होतो. त्याची खुशी हिरावून घेण्याचे आम्हास कारण नाही.

वाऱ्याचा वाटा याहून मनोरंजक आहे. जत-ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या भागात सायकल मारलेल्या माणसाला वारा पाठीवर असणे आणि तोंडावर असणे यांतला फरक सांगावयास नको. विमानाचेही तसेच. मुंबई ते कलकत्ता सुमारे १,६६० किलोमीटर. वारा नसेल आणि वेग ताशी ८३० असेल तर बरोबर दोन तास. आता ताशी शंभर किलोमीटरचा वारा पश्चिमेकडून वाहतो असे धरा. जाताना वेग ९३० होतो, वेळ एक तास सत्तेचाळीस मिनिटे. येताना वेग ७३० वर येतो आणि वेळ दोन तास सोळा मिनिटे. एकाच वाटेला अर्ध्या तासाचा फरक! त्यातही गंमत अशी की, जाताना तेरा मिनिटे वाचली आणि येताना सोळा मिनिटे अधिक गेली. जाण्यायेण्याची बेरीज वारा नसतानापेक्षा जास्तच भरली. कारण उघड आहे. अनुकूल वाऱ्यात आपण थोडा वेळ असतो, प्रतिकूल वाऱ्यात अधिक वेळ.

आणि असे वारे काल्पनिक नाहीत. हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानावर सुमारे बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून फार जोराचा प्रवाह वाहतो. म्हणून त्या दिवसांत पूर्वेस जाणारी विमाने लवकर पोचतात. पावसाळ्यात दक्षिणेत याच्या उलट होते. साधारण पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा एक प्रबळ प्रवाह असतो, त्याचे सविस्तर वर्णन आपल्याच हवामानशास्त्रज्ञाने, पी. कोटेश्वरम् यांनी, १९५८ साली प्रसिद्ध केले. पंधराव्या अक्षांशाच्या आसपास त्याचा मुख्य ओघ असतो, आणि जत आहे सतराव्यावर. खाली आमच्या शिवारात ढग पश्चिमेकडून येत असतात, पुष्कळदा न बरसताच पुढे जातात. आणि त्यांच्याही वर, डोळ्यांना न दिसता, वारा उलट दिशेने धावत असतो. दिल्लीच्या वाटेला या दोन्ही प्रवाहांचा फारसा उपद्रव नाही, कारण ती वाट दक्षिणोत्तर आहे. तिचा शत्रू निराळा : डिसेंबर-जानेवारीतले दिल्लीचे धुके. त्याचा हिशेब कोणत्याच तिकिटावर छापता येत नाही.

अंतर आणि वेळ यांच्यामध्ये आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे विमानांची मांडणी. कोणती विमाने कोठे भेटतात, यावर पुष्कळ अवलंबून असते. १९४९ साली आपल्याकडे रात्रीची हवाई टपाल सुरू झाली, तिची जागा होती आपले नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार ठिकाणांहून रात्री विमाने निघत, मध्यरात्री नागपुरास जमत, तेथे थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. प्रवासीही त्यांतून जात. नागपूरच का? कारण तेथून ही चारही शहरे साधारण सातशे ते एक हजार किलोमीटरच्या टप्प्यात येतात. मुंबईहून दिल्लीस सरळ गेले तर सुमारे १,१४० किलोमीटर. नागपूरवरून गेले तर पंधराशेवर. म्हणजे वाट एक-तृतीयांशाने लांबली. तरीही मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीस, मद्रासेस, कलकत्त्यास, तिन्ही ठिकाणी मिळू लागले. वाट लांबवून वेळ कसा वाचवता येतो याचे इतके सुरेख उदाहरण आम्हास दुसरे माहीत नाही. ती व्यवस्था पुढे बंद झाली. पण एका मध्यवर्ती ठिकाणी विमाने जमवून प्रवाशांची अदलाबदल करावयाची, ही युक्ती आता जगभर चालते. कोल्हापूरहून दूरच्या गावी जाणाऱ्यास मधे कोठेतरी विमान बदलावे लागते ते यामुळेच. अशा वेळी दोन उड्डाणांच्या वेळांची बेरीज करून भागत नाही. मधली तीन-चार तासांची बैठकही धरावी लागते.

आता मुख्य मुद्दा. विमानतळापर्यंतची वाट.

मिरज-पंढरपूर मार्गावर 'जत रोड' नावाचे स्टेशन आहे. नवखा माणूस तेथे उतरून जत गाव शोधू लागला तर त्याची फजिती होते. रेल्वेच्या भाषेत नावापुढे 'रोड' लागले की समजावे, गाव येथे नाही, गावाला जाणारा रस्ता येथे आहे. विमानतळांना 'रोड' लावण्याची चाल नाही, परंतु ती असती तर फार बरे झाले असते! पुण्याचे विमानतळ लोहगावास, कोल्हापूरचे उजळाईवाडीस, बेळगावचे सांबऱ्यास. आणि जतच्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर ही सगळीच 'जत रोड' आहेत. जतपासून सरळ रेषेत सोलापूरचे विमानतळ सुमारे शंभर किलोमीटर, कोल्हापूरचे एकशे आठ, बेळगावचे दीडशेच्या आत, पुण्याचे सुमारे दोनशे वीस. रस्त्याने यात चांगली भर पडते, कारण रस्त्याला दोऱ्यासारखे जाता येत नाही.

दिल्लीतल्या गलाई दुकानदाराचा हिशेब आता मांडून पाहू. रात्री नऊला गावाकडून निरोप आला. त्याला पहाटे पाचच्या पुण्याच्या विमानात जागा मिळाली असे धरू. तासभर आधी तपासणीची खिडकी बंद होते, म्हणून त्याने दोन तास आधी पोचावयाचे. त्यासाठी रात्री दोनला घर सोडावयाचे. पाचला विमान हलले, सात-दहाला पुण्यात ठोकळे लागले. बाहेर पडून मोटारीत बसेपर्यंत पावणेआठ. तेथून जत, वाटेत एकदा चहाला थांबून, साडेपाच-पावणेसहा तास. म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास तो दारात येतो. घर सोडल्यापासून साडेअकरा तास. निरोप मिळाल्यापासून साडेसोळा. त्यांपैकी तिकिटावर छापलेले दोन तास दहा मिनिटे. आगगाडीने, म्हणजे मिरजेवरून जाणाऱ्या गोवा एक्स्प्रेसने, त्याला दोन रात्री लागल्या असत्या, हे विसरता कामा नये. विमानाने त्याचे काम केलेच. परंतु ओसरीवर बसलेल्यांनी 'दोन तास' न धरता 'उद्या दुपार' धरली पाहिजे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणारे कॉन्कॉर्ड विमान १९७६ ते २००३ या काळात प्रवासी नेत होते. समजा, तसले विमान पुणे-दिल्ली मार्गावर घातले, तर या माणसाचा फार तर तासभर वाचेल. पुणे ते जत या रस्त्याचा प्रवास साडेपाच तासांचा साडेचार झाला, तरी तेवढाच तास वाचतो. एकाला नवे विमान घडवावे लागते. दुसऱ्याला खड्डे बुजवावे लागतात आणि गावागावांच्या वेशीतली कोंडी सोडवावी लागते. कोणते काम आधी करण्याजोगे आहे, याविषयी आमचे मत वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

मुंबईच्या बाबतीत तर विमानाचा लाभ आणखी आक्रसतो. जत ते उजळाईवाडी तीन तास, तेथे दीड तास, विमानाचा एक तास, मुंबईत उतरून दादर किंवा ठाण्यास पोचावयास एक-दीड तास. झाले जवळजवळ सात तास. रात्री जतमध्ये एस. टी. त बसलेला माणूस सकाळी मुंबईत उतरतो, आणि त्याचा दिवस शाबूत राहतो. जवळच्या अंतरास विमान केव्हा कामाचे? मधे ओलांडता न येणारे काही असेल तेव्हा. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये रोजचे विमान आहे. अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळापत्रकातला वेळ दोन मिनिटे. वारा अनुकूल असता ते एका मिनिटाच्या आतही गेलेले आहे. तेथे मधे समुद्र आहे. आमच्या आणि मुंबईच्या मधे समुद्र नाही, घाट आहेत, आणि घाटांतून रस्ते झालेले आहेत.

एक बाब मात्र घड्याळात दिसत नाही, आणि तीच सर्वांत जाचते. ती म्हणजे विमान दिवसातून, किंवा आठवड्यातून, किती वेळा सुटते. पुण्याहून दिल्लीस दिवसभरात अनेक विमाने आहेत. एक चुकले तर दुसरे काही तासांनी मिळते. जेथून दिवसाला एकच विमान असते, तेथे दहा मिनिटांचा उशीर म्हणजे चोवीस तासांचा उशीर. आणि आठवड्यातून तीनच दिवस असेल तर विचारावयासच नको. त्यामुळे नकाशावर जवळचे विमानतळ पुष्कळदा वेळेच्या हिशेबात लांबचे ठरते. कोल्हापूरचे विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली झाले, पण मधली कितीतरी वर्षे तेथून नियमित प्रवासी विमान नव्हते. त्या वर्षांत जत आणि उजळाईवाडी यांमधले किलोमीटर तेवढेच होते, परंतु विमानाच्या दृष्टीने कोल्हापूर जतला पुण्याहूनही दूर होते.

सोलापुरास २०२५ साली प्रवासी विमाने पुन्हा येऊ लागली. सरळ रेषेत ते कोल्हापूरपेक्षा जतला आठ-नऊ किलोमीटर जवळ. तेव्हा उमदी-संखकडील माणसाने सोलापूर गाठावे की कोल्हापूर, असे कोणी विचारील. उमदीपासून सोलापूरचा रस्ता निःसंशय जवळचा आहे. पण ज्या गावी जावयाचे तेथले विमान सोलापुरातून त्या दिवशी सुटते की नाही, सुटत असेल तर किती वाजता, आणि ते चुकल्यास पुढचे केव्हा, हे पाहूनच त्याने गाडी कोणत्या रस्त्याला लावावयाची ते ठरवावे. आणि तिन्हींपैकी एकाचेही उत्तर मनासारखे नसेल तर सरळ पुण्याचा रस्ता धरावा.